उसनी वाणी, उसना रंग

९ एप्रिल १९६२ च्या रात्री कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा पारितोषिक-समारंभ चालू होता. साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक जाहीर झाले आणि काळ्या-सोनेरी पोषाखातील तीस वर्षांची एक ठेंगणी, चपळ स्त्री व्यासपीठावर आली. तिने ती सुप्रसिद्ध पुतळी हाती घेतली, आपला यावर विश्वासच बसत नाही अशा अर्थाचे एक-दोन उद्गार काढले आणि ती निघून गेली. त्याला भाषण म्हणणेही कठीण. परंतु त्या क्षणी तिला याहून अधिक काही सुचले नाही, यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. पोर्तो रिको बेटावर जन्मलेल्या, स्पॅनिश मातृभाषा असलेल्या कोणाही स्त्रीला हा मान तोवर मिळालेला नव्हता.

या अभिनेत्रीचे नाव रिटा मोरेनो. चित्रपटसृष्टीचा साधा व्यवहार असा, की ज्याच्या हाती ही पुतळी येते त्याच्या दाराशी निर्मात्यांची रीघ लागते. मोरेनोबाईंच्या बाबतीत घडले ते निराळेच. त्यानंतरची जवळजवळ सात वर्षे त्या हॉलिवूडच्या पडद्यापासून दूर राहिल्या. यशाच्या ऐन शिखरावर उभ्या असलेल्या एका कलावतीवर ही पाळी का यावी, आणि त्या रिकाम्या वर्षांनी तिला काय दिले, हे आज मी आपणांस सांगणार आहे. कारण तिच्या सत्तर वर्षांहून अधिक लांबलेल्या कारकिर्दीचे मर्म, माझ्या मते, त्या पारितोषिकापेक्षा त्या रिकाम्या वर्षांत अधिक आहे.

प्रथम तिच्या जन्मभूमीविषयी दोन शब्द सांगावयास हवेत. पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातील एक लहानसे बेट. सुमारे चारशे वर्षे त्यावर स्पेनची सत्ता होती. १८९८ मध्ये स्पेन व अमेरिका यांच्यात युद्ध झाले आणि ते बेट अमेरिकेच्या ताब्यात गेले. १९१७ साली तेथील रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. म्हणजे पोर्तो रिकोचा मनुष्य न्यूयॉर्कला आला तर तो कायद्याने परदेशी ठरत नाही. तो आपल्याच देशात आलेला असतो. परंतु कायदा एक सांगतो आणि रस्त्यावरची नजर दुसरेच. नागरिकत्वाचा कागद खिशात असूनही त्याचा वर्ण आणि त्याचे बोलणे यांवरून तो परका ठरविला जातो. कागदावरचे आपलेपण आणि नजरेतले परकेपण यांमधील हे अंतर ज्याने अनुभवले नाही, त्याला मोरेनोबाईंची कहाणी पुरती समजणार नाही.

अशा या बेटावर, हुमाकाओ गावी, ११ डिसेंबर १९३१ रोजी तिचा जन्म झाला. तिचे मूळ नाव रोसा डोलोरेस अल्व्हेरिओ. घरी तिला रोसिता म्हणत. वडील शेती करीत, आई शिवणकाम करी. आईबापांचे पटले नाही. १९३६ साली आईने लहानग्या रोसिताला बरोबर घेऊन न्यूयॉर्कची वाट धरली. धाकटा भाऊ मागे बेटावरच राहिला आणि या ताटातुटीचा सल रोसिताच्या मनात कायमचा राहून गेला. सूर्यप्रकाश आणि हिरवळ यांत वाढलेल्या त्या मुलीच्या वाट्याला आता महानगरातील दाटीची वस्ती, कडाक्याची थंडी आणि इंग्रजीचा एक शब्दही येत नसताना भरावी लागलेली शाळा आली. आपल्या मुलुखाबाहेर मुले वाढविणाऱ्या माझ्या श्रोत्यांना या प्रसंगाची कल्पना निराळी द्यावयास नको. नव्या शाळेत मूल प्रथम जे शिकते ते पुस्तकातले नसते. आपल्या बोलण्याला वर्ग का हसतो, हे ते प्रथम शिकते.

रोसिताला वाचविले ते नृत्याने. तिच्या पायांतील लय पाहून आईच्या एका मैत्रिणीने तिला पाको कान्सिनो या स्पॅनिश नृत्यशिक्षकाकडे नेले. हे कान्सिनो म्हणजे त्या काळची विख्यात नटी रिटा हेवर्थ हिचे चुलते. लवकरच ही चिमुरडी लग्नकार्यांत आणि सणासमारंभांत नाचू लागली. डोक्यावर फळाफुलांचा डोलारा मिरविणारी ब्राझीलची गायिका कार्मेन मिरांडा तेव्हा अमेरिकेत गाजत होती. तिची हुबेहूब नक्कल रोसिता करी आणि लोक खूश होत. अकराव्या वर्षी तिला आणखी एक काम मिळाले. अमेरिकन चित्रपट स्पॅनिश भाषी देशांत पाठविताना त्यांतील संवाद स्पॅनिशमध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. पडद्यावरच्या गोऱ्या अमेरिकन मुलींच्या ओठांवर रोसिताचा आवाज बसविला जाऊ लागला. तिच्या भाषेला पडद्यावर स्थान होते. तिच्या चेहऱ्याला मात्र अद्याप नव्हते. १९४५ मध्ये, तेराव्या वर्षी, ‘स्कायड्रिफ्ट’ नावाच्या नाटकात तिने ब्रॉडवेच्या रंगभूमीवर पाऊल टाकले. ते नाटक अल्पायुषी ठरले. परंतु त्या पावलाला पुढे खंड पडला नाही.

त्या पिढीच्या मुलीला अनुकरणासाठी पडद्यावर आपल्यासारखे कोणी दिसतच नव्हते. तेव्हा तिने एलिझाबेथ टेलरला आदर्श मानले. तिच्यासारख्या भुवया रेखाव्यात, तिच्यासारखे केस ठेवावेत, तिच्यासारखी कंबर आवळावी. अशा वेषात ही तरुण मुलगी न्यूयॉर्कच्या एका भव्य हॉटेलात मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य चित्रसंस्थेचे सर्वाधिकारी लुई बी. मेयर यांच्यापुढे उभी राहिली. त्यांनी तिला पाहिले, ही तर स्पॅनिश एलिझाबेथ टेलर, असा शेरा मारला आणि करार करून टाकला. तिला त्या वेळी आकाश ठेंगणे झाले असेल. परंतु पुढील सारे दुःख त्या एका शेऱ्यात बीजरूपाने होते. तिची निवड झाली ती ती कोण आहे यासाठी नव्हे. ती कोणासारखी दिसते यासाठी.

त्या काळच्या चित्रसंस्थांची पद्धत येथे ध्यानी घ्यावयास हवी. कलावंत तेव्हा संस्थेचा पगारदार नोकर असे. भूमिका कोणती करावयाची, केस कसे ठेवावयाचे, वृत्तपत्रांत कोणाबरोबर छायाचित्र यावयाचे, हे सारे संस्था ठरवी. नावसुद्धा तिला अपवाद नव्हते. मोरेनो हे आडनाव तिच्या सावत्र वडिलांचे; त्यापुढे रोसिताची रिटा संस्थेने केली. १९५० मध्ये तिचे पहिले चित्रपट झळकले. अल्पावधीतच मेट्रोने करार पुढे चालविला नाही आणि मोरेनोबाई एका संस्थेकडून दुसरीकडे, मिळेल ते काम करीत हिंडू लागल्या.

‘मिळेल ते काम’ म्हणजे कोणते? या अभिनेत्रीला कधी अमेरिकेतील आदिवासी कन्या केले, कधी पॅसिफिकमधील बेटावरची तरुणी, कधी मेक्सिकन, कधी अरब. १९५६ च्या ‘द किंग अँड आय’ या वैभवशाली संगीतपटात त्या टपटिम झाल्या. सयामच्या राजाला नजराणा म्हणून धाडलेली ब्रह्मदेशातील मुलगी. भूमिका सुंदर होती आणि त्यांनी ती सुंदर केली. परंतु एक गंमत पाहा. या सर्व देशांच्या मुली पडद्यावर बोलत एकाच हेलाने. तो हेल कोणत्याही देशाचा नव्हता. आदिवासी मुलगी कशी बोलेल, ब्रह्मी मुलगी कशी बोलेल, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते आणि जाणून घेण्याची कोणाला गरजही भासली नव्हती. तेव्हा मोरेनोबाईंनी आपल्याच मनाने एक सर्वसाधारण परदेशी हेल तयार केला आणि तो सगळीकडे चालून गेला, असे त्या पुढे हसत हसत सांगत. त्या हसण्याखालची वेदना ओळखण्यास फार विचक्षण श्रोता लागत नाही. जगाच्या निम्म्या भागातील माणसे ज्या व्यवसायाला एकाच साच्याची वाटत, त्या व्यवसायाचे ते नकळत दिलेले प्रशस्तिपत्रकच होते.

आणि भूमिकांचा साचाही ठरलेला. ही सावळी तरुणी तापट, तिखट, उताविळी असावयाची. तिने गोऱ्या नायकावर जीव टाकावयाचा. आणि शेवटी नायकाने गोऱ्या नायिकेचा हात धरावयाचा. लॅटिन स्त्री म्हणजे पेटती काडी, ही समजूत हॉलिवूडने इतकी घोटली होती की त्या स्त्रीच्या वाट्याला विचार, विनोद वा साधी गृहस्थी कधी येतच नसे. अपवाद एखादाच. १९५२ च्या ‘सिंगिंग इन द रेन’ मध्ये जीन केली यांनी त्यांना झेल्डा नावाच्या एका अमेरिकन नटीची लहानशी भूमिका दिली. तेथे वंश नव्हता, हेल नव्हता. गमतीची गोष्ट अशी की हा चित्रपटच मुळी उसन्या आवाजावर आहे. बोलपटांच्या आगमनानंतर एका नटीच्या चेहऱ्यामागे दुसरीचा आवाज लपविला जातो आणि अखेरीस पडदा वर जाऊन खरी गाणारी प्रेक्षकांना दिसते, असे त्याचे कथानक. मोरेनोबाईंच्या आयुष्यातला पडदा वर जावयास मात्र अजून अवधी होता.

१९५४ च्या मार्च महिन्यात ‘लाइफ’ या सर्वदूर खपणाऱ्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे छायाचित्र आले. त्यामुळे ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या संस्थेचा करार मिळाला. पण करार नवा आणि भूमिका त्याच. बाहेर प्रसिद्धी, आत अपमान, अशा अवस्थेत ती वर्षे गेली. मार्लन ब्रँडो या विख्यात नटाशी असलेल्या दीर्घ आणि क्लेशकारक प्रेमसंबंधाने त्यांत भर घातली. एका क्षणी त्यांनी स्वतःचे जीवन संपविण्याचाही प्रयत्न केला आणि सुदैवाने त्या वाचल्या. हे सर्व त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात निर्भीडपणे लिहिले आहे. मानसोपचारांच्या साहाय्याने त्यांना हळूहळू उमगत गेले, की इतकी वर्षे आपण ज्या मुलीची लाज बाळगत आलो ती पोर्तो रिकोची रोसिताच होय.

याच सुमारास ‘वेस्ट साइड स्टोरी’ त्यांच्याकडे चालून आली. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चे कथानक न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत आणून १९५७ मध्ये हे संगीत नाटक ब्रॉडवेवर उभे राहिले होते. लिओनार्ड बर्नस्टाईन यांचे संगीत, स्टीफन सॉन्डहाइम यांची पदे, आर्थर लॉरेंट्स यांचे लेखन आणि जेरोम रॉबिन्स यांची नृत्ये. दोन टोळ्या, एक गोऱ्या पोरांची, दुसरी पोर्तो रिकोहून आलेल्यांची. त्यांच्या वैरात एका प्रेमाचा बळी जातो. मारिया या नायिकेची वडीलधारी मैत्रीण, तिच्या भावाची प्रेयसी, शिवणकाम करणारी, हजरजबाबी, मानी अनिता ही रंगभूमीवर चिता रिव्हेरा यांनी गाजविली होती. चित्रपटात ती भूमिका मोरेनोबाईंकडे आली. अनेक वर्षे नृत्याचा सराव सुटलेला; तेव्हा त्यांनी घाम गाळून पुन्हा पाय तयार केले.

पण आनंदाला दोन गालबोटे लागली. पोर्तो रिकोच्या टोळीतील सर्व पात्रांना एकाच गडद तपकिरी रंगाचा लेप फासण्यात येई. मोरेनोबाईंनी रंगभूषाकाराला सांगून पाहिले, की आमच्या बेटावर गोरे, सावळे, काळे असे सर्व वर्ण आहेत; स्पेन, आफ्रिका आणि मूळचे बेटवासी यांचे रक्त आमच्यांत मिसळलेले आहे; मग सगळ्यांना हा एकच रंग कशासाठी? उलट त्यांनाच विचारण्यात आले, की तुम्हांला वंशाचा तिटकारा आहे की काय! म्हणजे खऱ्याखुऱ्या पोर्तो रिकन स्त्रीला पोर्तो रिकन दिसण्यासाठी रंग फासावा लागला, आणि तिने हरकत घेतली तर दोषही तिच्याच पदरी आला.

दुसरी गोष्ट वाणीची. त्या काळी तिकडे पार्श्वगायन होई, पण ते झाकून ठेवण्याची रीत होती. आपल्याकडे गाणाऱ्याचे नाव रसिकांच्या ओठांवर असते. तिकडे ते श्रेयनामावलीतही नसे. मारियाची भूमिका करणाऱ्या नॅटली वुड यांना मार्नी निक्सन यांचा आवाज दिला गेला. मोरेनोबाईंनी गच्चीवरचे ‘अमेरिका’ हे गाजलेले गीत स्वतः गायिले. मात्र अनिताच्या शोकसंतापाच्या गीताची पट्टी त्यांना फार खालची पडते म्हणून तेथे बेट्टी वँड यांचा आवाज वापरण्यात आला. त्याची रुखरुख त्यांना अनेक वर्षे लागून राहिली.

त्या ‘अमेरिका’ गीताविषयीही एक हकीकत त्या सांगत. नाटकातील मूळ पदांत पोर्तो रिकोची कुचेष्टा होती. आपल्याच जन्मभूमीला आपल्याच तोंडाने कुरूप म्हणावयाचे, या विचाराने ही भूमिका सोडून द्यावी असे त्यांच्या मनात आले. परंतु चित्रपटासाठी सॉन्डहाइम यांनी ती पदे बदलून लिहिली, आणि गीताला स्त्रिया व पुरुष यांच्यातील वादाचे रूप आले. स्त्रिया नव्या देशाच्या सुखसोयींचे गुणगान करतात, तर पुरुष तेथील भेदभावाचा पाढा वाचतात. ज्याने घर सोडले आहे त्याच्या मनात ही दोन्ही मते एकाच वेळी नांदत असतात. म्हणूनच ते गीत अद्याप जुने झालेले नाही.

चित्रपटाच्या अखेरीस एक प्रसंग आहे. प्रियकराच्या मृत्यूचे दुःख गिळून अनिता मारियाचा निरोप घेऊन शत्रुपक्षाच्या पोरांच्या अड्ड्यावर, एका लहानशा दुकानात, जाते. तेथे ती पोरे तिला घेरतात, तिच्या जातीचा उद्धार करतात आणि तिच्या अंगावर धावून जातात. या प्रसंगाचे चित्रण चालू असता मोरेनोबाई एकाएकी ओक्साबोक्शी रडू लागल्या. लहानपणापासून ऐकलेल्या साऱ्या शिव्या त्या एका क्षणी उसळून वर आल्या होत्या. भोवतालची नटमंडळी गोंधळली, त्यांनी तिला धीर दिला, आणि मग काम पुढे सुरू झाले. पडद्यावर आपण पाहतो तो संताप कोठून आला, हे आता सांगावयास नको. अनितामध्ये त्यांना प्रथमच आपल्या समाजातील स्वाभिमानी स्त्री भेटली. एलिझाबेथ टेलरची जागा त्यांच्या मनात अखेर कोणी घेतली असेल, तर ती त्यांनीच साकारलेल्या या पात्राने.

‘वेस्ट साइड स्टोरी’ १९६१ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याने अकादमीची दहा पारितोषिके मिळविली. त्यांतील एक घेण्यासाठी मोरेनोबाई फिलिपाईन्समधून आल्या होत्या. तेथे एका युद्धपटात त्या काम करीत होत्या, आणि समारंभाचा तो काळा-सोनेरी पोषाखही मनिला शहरातच शिवून घेतलेला होता.

आता ज्या प्रश्नाने आपण आरंभ केला त्याकडे वळू. पारितोषिकानंतर निर्माते आले नाहीत असे नाही. आले; पण त्यांच्या हातांत अनिताच्याच फिकट नकला होत्या. पुन्हा टोळ्या, पुन्हा गल्ल्या, पुन्हा तोच हेल. जगातील सर्वोच्च पारितोषिकाचा अर्थ त्या व्यवसायाने एवढाच लावला, की ही बाई पोर्तो रिकन फार छान करते. तेव्हा तिच्याकडून तेच पुन्हा करून घ्यावे. मोरेनोबाईंनी नकार दिला. पहिल्या नकारात फारशी थोरवी नसते; त्यामागे यशाची धुंदी असू शकते. परंतु पहिल्या वर्षानंतर दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी, काम नसताना दिलेला नकार निराळा. तिसाव्या वर्षापासून सदतिसाव्या वर्षापर्यंतचा काळ म्हणजे अभिनेत्रीच्या आयुष्यातील ऐन बहराचा काळ. तो त्यांनी पणाला लावला. फिलिपाईन्समधील तो चित्रपट १९६३ मध्ये झळकला. त्यानंतर १९६९ च्या सुमारास त्या पडद्यावर परतल्या. मधल्या काळाला त्या सात वर्षे म्हणत आणि त्याने आपले हृदय विदीर्ण केले, हे लपवीत नसत.

या वर्षांत त्या हातांची घडी घालून मात्र बसल्या नाहीत. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे समान नागरी हक्कांसाठी जो महामोर्चा निघाला, त्यात त्या होत्या, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते ऐतिहासिक भाषण त्यांनी जवळून ऐकले. १९६४ मध्ये लंडनच्या आणि ब्रॉडवेच्या रंगभूमीवर त्यांनी कामे केली. रंगभूमीने त्यांना जात विचारली नाही. लॉरेन हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय नाटककर्त्रीच्या ‘द साइन इन सिडनी ब्रुस्टीन्स विंडो’ मध्ये त्या नायकाची पत्नी आयरिस झाल्या. १९६५ मध्ये हृद्रोगतज्ज्ञ डॉ. लेनर्ड गॉर्डन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे कन्या झाली. हा संसार २०१० मध्ये पतीच्या निधनापर्यंत टिकला.

नकाराचे फळ कोठून यावे याचा नियम नसतो. मोरेनोबाईंच्या बाबतीत ते आले दूरचित्रवाणीवरून, आणि तेही लहान मुलांच्या कार्यक्रमातून. १९७१ साली अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ हा कार्यक्रम सुरू झाला. शाळेत जाऊनही वाचन नीट न जमलेल्या मुलांना गाण्यांतून आणि प्रहसनांतून अक्षरओळख पक्की करून द्यावयाची, हा त्याचा हेतू. अकादमीची मानकरी पोरांच्या खेळात कशाला, असे कोणाला वाटले असल्यास नवल नाही. मोरेनोबाई तेथे १९७७ पर्यंत रमल्या. कार्यक्रमाच्या आरंभी त्या मुलांना जी खणखणीत आरोळी देत, ती त्या पिढीतील अमेरिकनांच्या कानांत अजून घुमते. ज्या मुलीला शाळेत इंग्रजीचे एक अक्षर कळत नव्हते, तिने साऱ्या देशातील मुलांना इंग्रजी वाचावयास शिकविले. माझ्या दृष्टीने त्यांच्या सर्व मानसन्मानांत हा मान पहिला. या कार्यक्रमाच्या ध्वनिमुद्रिकेसाठी १९७२ चे ग्रॅमी पारितोषिकही त्यांना लाभले.

१९७५ मध्ये त्यांनी एक धाडस केले. टेरेन्स मॅकनॅली यांच्या ‘द रिट्झ’ या प्रहसनात त्या गूगी गोमेझ झाल्या. ही गूगी म्हणजे बेसूर गाणारी, मोडके इंग्रजी बोलणारी, आपण महान तारका होणार या भ्रमात वावरणारी गायिका. आयुष्यभर ज्या हेलाने त्यांना छळले तोच येथे दसपट करून त्यांनी वापरला. यावर आक्षेप येऊ शकतो, की मग पूर्वीच्या भूमिकांत वाईट ते काय होते? आक्षेप रास्त आहे. पण त्याला उत्तर आहे. गूगी मुळात मित्रमंडळींत मोरेनोबाई करीत असलेली एक नक्कल होती. नाटककाराने ती पाहिली आणि नाटकात घेतली. पूर्वी दुसऱ्यांनी ठरविलेल्या विनोदाचे त्या साधन होत्या. येथे विनोद त्यांचा होता, आणि हसू होते ते हॉलिवूडच्या समजुतीचे. या भूमिकेने त्यांना रंगभूमीचे टोनी पारितोषिक दिले. १९७७ मध्ये बाहुल्यांच्या ‘द मपेट शो’ मधील कामासाठी दूरचित्रवाणीचे एमी मिळाले, तेव्हा चित्रपट, संगीत, रंगभूमी आणि दूरचित्रवाणी या चारही क्षेत्रांतील सर्वोच्च स्पर्धात्मक पारितोषिके त्यांच्या घरी जमली. हा मान मिळविणाऱ्या त्या तिसऱ्या व्यक्ती. पुढच्याच वर्षी ‘द रॉकफर्ड फाइल्स’ साठी दुसरे एमी आले.

पुढील काळ स्थिर कर्तृत्वाचा. १९९७ ते २००३ या काळात ‘ऑझ’ या तुरुंगविषयक मालिकेत त्यांनी कैद्यांच्या मनाशी बोलणारी एक जोगीण उभी केली. संयत, बुद्धिमान, विनोदाला न मुकलेली. २०१७ ते २०२० या काळात ‘वन डे अॅट अ टाइम’ मध्ये त्या क्यूबाहून आलेल्या आजी झाल्या. ही आजी पुन्हा हेलानेच बोलते. परंतु आता तो हेल उसना वाटत नाही. घर सोडून आलेल्या, पण घराची वाणी न सोडलेल्या आजीचा तो हेल आहे. २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक आणि २०१५ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मान त्यांना प्राप्त झाला. २०१८ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, त्या अकादमीच्या समारंभाला पुन्हा गेल्या. अंगावर होता तो मनिलाचा काळा-सोनेरी पोषाख, थोडा बदलून घेतलेला.

गुणगान करताना एक गोष्ट वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २०२१ च्या जून महिन्यात ‘इन द हाइट्स’ या लॅटिन वस्तीवरील चित्रपटात अधिक काळ्या वर्णाच्या कलावंतांना प्रमुख स्थान नाही, अशी टीका झाली. मोरेनोबाईंनी दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत चित्रपटाचे निर्माते लिन-मॅन्युएल मिरांडा यांची बाजू घेतली आणि टीकाकारांनी जरा धीर धरावा, असे सुचविले. आपल्या बेटावर सर्व वर्ण आहेत, हे जिने साठ वर्षांपूर्वी रंगभूषाकाराला सांगितले होते, तिच्याच तोंडी हे शब्द आले. लोक दुखावले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जाहीर क्षमा मागितली. ज्याच्यावर अन्याय झाला तो दुसऱ्यावरील अन्याय ओळखीलच, असा भरवसा देता येत नाही, हे यातून दिसते. आणि नव्वदीच्या उंबरठ्यावरही चूक एका दिवसात कबूल करता येते, हेही दिसते.

त्याच वर्षाच्या अखेरीस स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी नव्याने केलेली ‘वेस्ट साइड स्टोरी’ आली. साठ वर्षांत काय पालटले ते त्यात पाहावयास मिळते. पोर्तो रिकन पात्रे या वेळी लॅटिन वंशाच्या कलावंतांनीच केली. तपकिरी लेपाचे कारण उरले नाही. पात्रे परस्परांत स्पॅनिश बोलतात आणि त्याखाली इंग्रजी भाषांतराची ओळ दिलेली नाही. ती भाषाही त्या देशाचीच आहे, असे दिग्दर्शकाचे म्हणणे. मूळ कथेतील वृद्ध दुकानदाराच्या जागी येथे त्याची पोर्तो रिकन विधवा व्हॅलेंटिना आहे, आणि ती आहे रिटा मोरेनो. चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. तरुण अनिता झालेल्या अरियाना डीबोस यांना २०२२ मध्ये त्याच भूमिकेसाठी तेच पारितोषिक मिळाले.

आणि तो दुकानातला प्रसंग? तो याही चित्रपटात आहे. पोरे अनितेला घेरतात, तिच्या अंगावर धावून जातात. तेवढ्यात व्हॅलेंटिना येते आणि त्यांना थांबविते. ज्या पोरांना तिने लहानाचे मोठे होताना पाहिले, त्यांना ती त्यांच्या कृत्याचे खरे नाव सांगते. साठ वर्षांपूर्वी त्या जागी जी तरुणी रडली होती, तीच आता वृद्धपणी दाराशी उभी राहून दुसऱ्या तरुणीला सोडविते. हा प्रसंग पाहताना चित्रपट क्षणभर बाजूला राहतो आणि एका स्त्रीचे सारे आयुष्य डोळ्यांपुढे येते. या चित्रपटात व्हॅलेंटिनाच्या वाट्याला एक गीतही आहे. आवाज वृद्ध आहे, थोडा कापराही. पण या वेळी तो दुसऱ्या कोणाचा नाही.